केरेचा पाला

अळ्या खायच्या थांबत नव्हत्या.

एरवी असं होत नसे. अळी कात टाकायला निजते त्याला विश्वासरावांच्या घरात ताप म्हणत. असे चार ताप अंगावर काढून उठलेली अळी आठवडाभर अधाशासारखी खाते आणि मग एका सकाळी पाल्यावरून तोंड फिरवते. अंग पिवळसर होतं, उजेडात धरलं तर आरपार दिसतं, मान उंचावून ती इकडेतिकडे चाचपायला लागते. अळी पिकली, असं म्हणायचं. पिकली की उचलून चंद्रिकेवर सोडायची. चंद्रिका म्हणजे बांबूची मोठी चटई, तिच्यावर कामट्यांच्या गोल गोल वळ्या. त्या वळ्यांत बसून अळी स्वतःभोवती रेशमाचा कोष विणते. तेवढं झालं की माणूस सुटला.

या खेपेला आठवडा उलटून गेला. पुसून-बिसून तयार केलेल्या चंद्रिका भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि अळ्या ताटांत पसरून पाला खात होत्या. अंगठ्याएवढ्या झाल्या होत्या. पांढऱ्याफटक, गुबगुबीत. एकीनेही मान वर केली नव्हती.

"अजून भुकेल्या आहेत की," विश्वासरावांच्या पत्नी सकवारबाई म्हणाल्या. "पाला कमी पडला असंल."

कमी पडला म्हणून दोघांनी पाला वाढवला. पहाटे तुतीत शिरायचं, फांद्या विळ्याने छाटायच्या, भारा बांधून डोक्यावरून आणायचा, ओलसर गोणपाटाखाली ठेवायचा, मग दिवसभर पसरत राहायचं. विश्वासरावांचा उजवा खांदा जुना दुखणेकरी. तो वर होईना, तेव्हा ते डाव्या हाताने छाटायला लागले. डाव्या हाताला सवय नाही, त्यामुळे विळा दोनदा बोटांवर आला. सकवारबाईंच्या बोटांची पेरं चिकाने काळी पडली होती आणि जेवताना भातालाही पाल्याचा वास यायचा. नेहमी चार बायका कामाला येत, पण त्या हंगामाच्या हिशेबाने आलेल्या. हंगाम संपला म्हणून त्या दुसरीकडे गेल्या आणि इथे हंगाम संपतच नव्हता.

पाला मात्र कधी नव्हे इतका छान होता. मुद्दनकेरे हे देवनहळ्ळीच्या पलीकडचं गाव. विमानं डोक्यावरून जातात, निम्म्या शेतांत प्लॉटचे पांढरे दगड रोवलेत, आणि उरलेल्या निम्म्यात तुती आणि द्राक्षं. गावाचं तळं, ज्याला या मराठी घरातसुद्धा सगळे केरेच म्हणत, कित्येक वर्षं कोरडं ठणठणीत होतं. पोरं तिथे क्रिकेट खेळायची. गेल्या वर्षी शहराचं सांडपाणी शुद्ध करून नळांनी केरेत आणून सोडलं. केरे भरली. बगळे आले. बोअरला पाणी आलं. नरसिंहरावांनी मेहेरबानी करून काठच्या शेतकऱ्यांना मोटार टाकायची मुभा दिली आणि विश्वासरावांच्या तुतीवर पहिल्यांदा तुषार फिरायला लागले. पानं तळहाताएवढी झाली.

नरसिंहराव म्हणजे तालुक्याचे पुढारी, पण आपलाच माणूस. कुणा सरदाराच्या मागून या मुलखात आलेल्या घराण्यांपैकी. घोडे गेले, तलवारी गेल्या, मराठी तेवढी उरली आणि तीही निम्मी कन्नड होऊन. त्यांनी पक्ष पकडला, विश्वासरावांच्या आजोबांनी तुती पकडली. कुठलं पीक बरं येतं ते आता दिसतच होतं.

शेवटी सकवारबाईंनी लेकीला फोन लावला. रक्षिता शहरात मल्लेश्वरममधल्या एका संस्थेत किड्यांवर संशोधन करणाऱ्या तुकडीत होती, कराराच्या नोकरीवर. तिथेच एका खोलीत तिघीजणी राहत. रविवारी बस बदलत ती आली ती थेट अळीघराच्या दारात.

"स्वल्प थांब," आईने आडवा हात घातला. "आंघोळ कर. साबण नको. डोक्याला काय लावलीस?"

"काही नाही ग अम्मा."

"मागच्या खेपेला आलेलीस तवा लावलेलीस. वास येत होता. मी बोलले नाही."

अळ्या घरात असल्या की सकवारबाई मोगरा माळत नसत, पावडर लावत नसत, उदबत्ती देवघरात न लावता अंगणापलीकडच्या तुळशीपाशी लावत. विश्वासरावांनी तंबाखू लग्नानंतर वर्षाच्या आत सोडली ती यापायीच. अळीला वास सोसत नाही. त्यामुळे काही बिघडलं की पहिला संशय घरच्या माणसाच्या अंगावर यायचा. गेले काही दिवस सकवारबाई मनातल्या मनात शोधत होत्या, कुणाचं काय चुकलं. लेकीचा शाम्पू सापडला तेव्हा त्यांना वाईट वाटलं आणि जरा सुटल्यासारखंही झालं.

रक्षिता अंगावर विहिरीचं पाणी ओतून, आईचं जुनं लुगडं गुंडाळून आत आली. एक अळी तळहातावर घेतली. उलटी केली, सुलटी केली. उजेडात धरली.

"अप्पा, केरेत काही टाकतात काय?"

"डासांचं औषध टाकतात की. शेजारच्या प्रेमाक्काच्या नातवाला डेंगी झालेला बघ. तवापासून. तो श्रीकांत येतो, पाठीवर डबा घेऊन. कंत्राट नरसिंहरावांच्या भाच्याचं."

"आणि तेच पाणी तुतीवर."

"तेच की. मग?"

तिने आईवडलांना समजेल असं सांगितलं. त्या औषधाने डास मरत नाही. डासाची अळी मोठी होऊन डास व्हायचंच विसरते. लहान आहे ती लहानच राहते. त्यासाठी चिमूटभरही लागत नाही. आणि डासाची अळी काय, रेशमाची काय, औषधाला दोन्ही सारख्याच.

"म्हणजे या पिकणार नाहीत?" सकवारबाईंनी विचारलं.

"बहुतेक नाही. खात राहतील."

"कुठवर?"

रक्षिताने तळहातावरची अळी ताटात परत ठेवली. विश्वासरावांनी हातातला पाला खाली ठेवला, मग पुन्हा उचलला आणि पसरला. अळ्या त्यावर तुटून पडल्या. इतके दिवस आपण मायेने जे भरवलं तेच यांना बाधलं, आणि बाधलं म्हणून आपण आणखी भरवलं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना तिथेच बसावंसं वाटलं, पण अळीघरात बसायची पद्धत नव्हती.

"बहुतेक म्हणून चालत नाही अप्पा," रक्षिता म्हणाली. "लोकांना दाखवायला पाहिजे. दाखवलं की कळतं."

हे ती तिथे शिकलेली. दाखवलं की कळतं.

घरामागे जुनी विहीर होती आणि विहिरीवर तुतीचं एक थोराड झाड होतं. तिथवर तुषाराचं पाणी पोचत नसे. जवळच्या विजयपुऱ्याच्या मावसभावाकडून विश्वासरावांनी नुकत्याच तापातून उठलेल्या अळ्या मागून आणल्या. रक्षिताने त्या दोन ताटांत वाटल्या. ताटं एकाच फळीवर, हवा एक, हात एकाच बाईचे. फरक फक्त पाल्याचा. एका ताटाला विहिरीचा पाला, दुसऱ्याला केरेचा.

"असल्या अळ्यांना मुद्दाम केरेचा पाला घालायचा?" सकवारबाईंना ते पटेना. चांगल्या जिवाला माहीत असून खाऊ घालायचं म्हणजे काय. त्या केरेच्या ताटाला पाला टाकताना तोंड फिरवून टाकत.

त्याच दिवसांत नरसिंहराव आले. सफेद गाडी तुतीच्या बांधावर थांबली. त्यांच्याबरोबर मोबाईल धरून चालणारा एक जण असायचाच. चप्पल काढून, पाय धुऊन ते अळीघरात आले, कारण रीत त्यांनाही ठाऊक होती. लहानपणी त्यांच्या घरीही अळ्या होत्या.

"अय्यो! विश्वासण्णा, या काय अळ्या म्हणायच्या की काकड्या?"

"पिकत नाहीत," विश्वासराव म्हणाले.

"पण केवढ्या! आमच्या अज्जाच्या काळात असल्या बघितल्या नव्हत्या. केरेच्या पाण्यावरच्या ना?"

"पाण्यावरच्याच. पण त्यात ते औषध..."

"सरी, सरी." बरं बरं म्हणावं तसं म्हणून नरसिंहरावांनी एक अळी विश्वासरावांच्या हातावर ठेवली, स्वतः खांद्यावर हात टाकला. दुखरा खांदा. विश्वासरावांचा चेहरा वेदनेने ताणला आणि फोटोत ते हसल्यासारखे आले.

दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळ्या तालुक्याच्या मोबाईलवर होता. केरेच्या पाण्याची करामत. मग माणसं बघायला यायला लागली. मागल्या गावची, विमानतळावर टॅक्सी चालवणारी, देवनहळ्ळीच्या किल्ल्याजवळची एक अख्खी शाळा. सकवारबाई दारात बादली घेऊन उभ्या राहत, पाय धुवा, पाय धुवा. कुणाच्या अंगाला अत्तर, कुणाच्या केसात फूल. एका बाईने ताटाला हळदकुंकू वाहिलं. जिवंत आहे, खातंय, वाढतंय आणि थांबत नाही, म्हणजे यात देवाचा हात असणारच, असं ती म्हणाली. सकवारबाईंनी कुंकू तसंच राहू दिलं. इतक्या दिवसांत त्यांच्या घराला कुणी चांगलं म्हणत होतं, तेही त्यांना नको वाटेना.

फळीवरच्या ताटांचं मात्र ठरल्याप्रमाणे चाललं होतं. विहिरीच्या ताटातल्या अळ्या एका सकाळी पिवळ्या झाल्या. माना वर झाल्या. विश्वासरावांनी त्या एकेक उचलून चंद्रिकेवर ठेवल्या आणि संध्याकाळपर्यंत वळ्यावळ्यांतून बारीक धागे दिसायला लागले. पुढे कोष घट्ट झाले, पिवळसर सोनेरी, बोटाने टिचकी मारली तर वाजतील असे. शेजारच्या ताटातल्या अळ्या खात होत्या.

सकवारबाई दोन्ही ताटांसमोर उभ्या राहिल्या. बघितलं. मग लेकीला फोन करून म्हणाल्या, "तुझ्या शाम्पूचं काही नव्हतं ग." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

रक्षिता आली. बापलेक दोघं नरसिंहरावांच्या घरी गेले. ओट्यावर कॉफी आली, चकली आली; तो मोबाईलवालाही बाजूला होताच. रक्षिताने मोबाईलवर दोन्ही ताटांचे फोटो दाखवले, दिवसादिवसांचे. नरसिंहरावांनी चष्मा लावून शांतपणे बघितले. मधे एकदाही तोडलं नाही.

"मग काय म्हणणं तुझं? पाणी बंद करायचं?"

"पाणी नको हो बंद करायला, नरसिंहण्णा. पाणी पाहिजेच. औषध बंद करा. डासांना मासे सोडा, मासे खातात अळ्या. नाही तर काठची तुती सोडून दुसरीकडे..."

"पाण्यात दोष आहे म्हणतेस."

"पाण्यात नाही. पाण्यात टाकतात त्यात."

"एकच की." ते हसले. रागावले नव्हते, हे विशेष. "आपली पोर केवढी शिकली, विश्वासण्णा. बरं वाटतं. असं कर पोरी, मगळे, पुढच्या शनिवारी मैदानावर मेळा आहे, आमच्या पक्षाचे साहेब येणार आहेत, रेशीम खात्याची माणसं येणार. दोन्ही ताटं आणा. सगळ्यांच्या समोर बघू दे. खरं असंल ते खरं."

परत येताना रक्षिता रस्त्यात जवळजवळ उड्या मारत होती. "बघितलंत अप्पा? दाखवलं की कळतं."

विश्वासरावांना चकली लागली होती घशात. ते नुसतं हूं म्हणाले.

मेळ्याच्या आधीच एक व्हिडिओ फिरला. नरसिंहरावांच्या ओट्यावर बसलेली रक्षिता. आवाज तिचाच. "पाणी नको... पाणी... बंद करा..." तिची वाक्यं अशी नव्हती. मधले शब्द गेले होते, राहिलेले जुळवले होते. खाली कन्नडमध्ये ओळ होती, की हिला बिल्डरांनी पाठवलंय. केरे आटली की तिथे प्लॉटांचा लेआउट होणार, मल्लेश्वरमला हिच्या नावाने फ्लॅट बुक झालाय.

मल्लेश्वरमच्या खोलीत रक्षिताच्या वाट्याला एक खाट आणि अर्धं कपाट होतं.

प्रेमाक्का दुसऱ्याच सकाळी आल्या. चाळीस वर्षांच्या शेजारीण, तुतीच्या हंगामात एकमेकींच्या घरी भात पाठवणाऱ्या. आत आल्या नाहीत. अंगणातूनच कन्नडमध्ये बोलल्या. "सकवारक्का, टँकरमागे घागर घेऊन पळताना माझा पाय मोडला तो दिवस विसरलीस? पाणी आलंय, ते घालवायला निघालीस? माझा नातू हॉस्पिटलात होता, त्या औषधाने डास गेले. तेही नको तुला?"

"पाणी नको म्हटलं नाही तिने," सकवारबाई म्हणाल्या.

"मी ऐकलं. माझ्या कानाने ऐकलं."

कानाने तर सगळ्यांनीच ऐकलं होतं. प्रेमाक्का रडत गेल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि हेच सकवारबाईंना सर्वांत जड गेलं. किराणावाल्याने त्या दिवशी पिशवी हातात न देता काउंटरवर सरकवली. दूध घालणारी बाई फाटकाबाहेरच किटली ठेवून जायला लागली.

रक्षिताने सरळ आपल्या वरिष्ठांना, नीरजा मॅडमना, सगळं दाखवलं. त्यांनी फोटो बघितले आणि म्हणाल्या की बरोबर आहे, शंकाच नाही, मी असते तर असंच केलं असतं. मग दार लावून घेतलं. "फक्त संस्थेचं नाव यात आणू नकोस. आणि स्टेजवर जाऊ नकोस, प्लीज. तुझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचंय. माझ्या हातात नसतं ग ते."

"पण मॅडम, बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे म्हणूनच सांगतेय."

रक्षिताने हे फोनवर वडलांना सांगितलं तेव्हा विश्वासराव पाला छाटत होते. त्यांनी विळा खाली ठेवला. "मग मी बोलतो," ते म्हणाले. "तू नको. माझी नोकरी कोण घेणार?"

शनिवारी त्यांनी धुतलेला सदरा घातला, डोक्याला फेटा बांधला. ताट आणि चंद्रिका ओल्या फडक्याने झाकून रिक्षा टेम्पोत मांडीवर धरली. एका बाजूला कोष, दुसऱ्या बाजूला गुबगुबीत अळ्या. खड्डा आला की सकवारबाई आणि ते दोघंही अंगाने आडवे होऊन धक्का झेलत. उन्हाने अळ्या मलूल पडू नयेत म्हणून सकवारबाईंनी वाटेत दोनदा फडकं ओलं केलं. रात्रीत विश्वासरावांनी बोलायचं ते चार वाक्यांत बसवून ठेवलं होतं आणि टेम्पोत ओठ हलवत ते म्हणत होते.

मैदानावर त्यांची जागा आधीच सजवून ठेवलेली. झेंडूच्या माळा, निळा कपडा, वर मोठा फलक. केरेच्या पाण्यावर पिकलेलं सोनं. खाली विश्वासरावांचा तो हसरा फोटो. पोरांनी त्यांच्या मांडीवरून चंद्रिका अदबीने उचलली आणि फलकाच्या बरोबर खाली ठेवली. विहिरीच्या पाल्याचे कोष. शेजारी ताट, जाड्या अळ्यांचं, त्यालाही माळ.

"हे असं नाही," विश्वासराव म्हणाले. "हे कोष विहिरीचे."

"हो हो, सर," पोरगा म्हणाला आणि फुलं सरळ करत राहिला.

गर्दीत रक्षिता उभी होती, तोंडावर मास्क लावून. आईने तिला ओळखलं ते चपलांवरून. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, जवळ कुणी गेलं नाही.

साहेबांच्या गाड्या आल्या. शाली झाल्या, हार झाले. विश्वासरावांनाही शाल मिळाली. नरसिंहरावांनी स्वतः माईक त्यांच्या हातात दिला. विश्वासरावांनी तो दोन्ही हातांनी धरला. ताटातल्या अळ्या त्यांच्या समोरच होत्या. फडकं काढल्यापासून कुणी पाला घातला नव्हता आणि त्या माळेतली झेंडूची पानं खायचा प्रयत्न करत होत्या.

त्यांनी चार वाक्यं म्हटली. एकही विसरले नाहीत. कन्नडमध्ये, सावकाश, शेतकरी शेतकऱ्याला सांगतो तशी. हे कोष ज्या अळ्यांनी केले त्या विहिरीचा पाला खाऊन वाढल्या. या ज्या जाड दिसतात, त्यांनी केरेचा पाला खाल्ला, आणि त्या कधीच कोष करणार नाहीत. केरेच्या पाण्यात दोष नाही, डासांच्या औषधात आहे. ते औषध तेवढं थांबवा.

म्हटलं. स्पष्ट म्हटलं. पहिल्या दोन रांगांत बसलेल्यांनी ऐकलंही असेल. पण त्यांच्या मागे 'केरे' हा शब्द ऐकूनच टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि दुसऱ्या वाक्याला साहेबांनी वाकून एक अळी उचलली तेव्हा फोटोवाले पुढे घुसले, आणि तिसऱ्या वाक्यापासून ढोल वाजायला लागला. चौथं वाक्य त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही. तरी त्यांनी ते पुरं केलं. मग नरसिंहरावांनी माईक परत घेतला, हात उंच केला आणि ओरडले, "विश्वासण्णा काय म्हणाले ऐकलंत? केरेच्या पाण्याची अळी बघा!"

टाळ्या. विश्वासरावांनी सवयीने हात जोडले. माईक हातातून गेला की माणूस दुसरं काय करणार?

खात्याचा एक माणूस खाली भेटला, चष्मेवाला, थोडा वाकलेला. हळूच म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. माहीत आहे आम्हाला." आणि चहाच्या तंबूकडे निघून गेला.

बसथांब्यावर रक्षिताने मास्क काढला. तिचे डोळे सुजलेले होते. "अप्पा, तुम्ही म्हणालात," ती म्हणाली. "मी ऐकलं. चारही."

"ऐकलंस ना? बस्स," विश्वासराव म्हणाले. त्यांना लेकीच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण खांदा वर होईना. तिची बस आली.

त्यानंतर अळ्या फार दिवस राहिल्या नाहीत. आधी खाणं मंदावलं, मग अंगं काळवंडून मऊ पडायला लागली. बोट लावलं की फुटत. वास इतका सुटला की शेजारची कुत्री दाराशी येऊन बसली. बघायला येणारे लोक आपोआप थांबले. विश्वासरावांनी बांधाशी खड्डा खणला, टोपल्या भरभरून नेल्या, वर चुना टाकला. सकवारबाईंनी अळीघर रगडून धुतलं, चंद्रिका उन्हात घातल्या. हात धुतले तरी वास जाईना, तेव्हा लिंबू चोळलं. अळ्यांचं काम म्हटलं की मेलेल्या निघतातच थोड्याफार, पण सबंध अळीघर खड्ड्यात घालायची वेळ सकवारबाईंवर कधी आली नव्हती. त्या चुलीपाशी बसून पदराने तोंड झाकून रडल्या आणि उठून भात लावला.

संध्याकाळी प्रेमाक्का आल्या. या वेळी आत आल्या. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला मोगऱ्याचा गजरा.

"रागावू नको ग अक्का. मेळ्यात अण्णा किती छान बोलले, सगळ्यांनी मोबाईलवर पाठवलं मला. आमच्या केरेचं नाव काढलं. झालं गेलं जाऊ दे."

सकवारबाईंनी विश्वासरावांकडे बघितलं. ते विळ्याला दगड लावत होते, मान वर केली नाही. पाय मोडलेली, नातू वाचलेली, चाळीस वर्षांची ती शेजारीण दारात हसत उभी होती आणि तिला परत एकदा सगळं सांगायचं म्हणजे परत एकदा तिला घालवायचं होतं. सकवारबाईंनी गजरा घेतला. किती महिन्यांनी. घरात अळ्या नव्हत्या, माळायला हरकत नव्हती. प्रेमाक्कांनीच तो त्यांच्या अंबाड्याला लावून दिला.

आठवड्याने सकाळी श्रीकांत आला. शहरातून, राजाजीनगरहून स्कूटरवर यायचा, पन्नाशीचा गृहस्थ, घरी मराठीच. पाठीला पिवळा डबा बांधून तो केरेच्या काठाने उतरत होता, तेव्हा विश्वासराव वाटेत उभे होते. सकाळपासूनच उभे होते.

"नमस्कार अण्णा! फार बरं वाटलं हो तुम्हाला बघून. आपल्या माणसाचं नाव झालं."

"श्रीकांत, आज टाकू नका. माझ्या सगळ्या अळ्या गेल्या. या औषधानेच गेल्या."

श्रीकांत गोंधळला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "अळ्या गेल्या? पण अण्णा, तुम्हीच तर... थांबा." त्याने डब्याचा पट्टा सैल केला, खिशातून मोबाईल काढला, बोटाने वर सरकवत सरकवत शोधलं आणि पडदा विश्वासरावांपुढे धरला.

स्टेजवर फेटा बांधलेला एक म्हातारा उभा होता. समोर सोन्यासारखे कोष. वर फलक. म्हातारा सावकाश बोलत होता आणि त्याच्या बोलण्यावर कुणीतरी सनईचं गाणं चढवलं होतं, त्यामुळे आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते. खाली लिहिलेलं होतं, शेतकऱ्याचा शब्द. विश्वासराव वाकून बघत राहिले. आपण 'औषध' म्हटलं ते कुठे, हे त्यांना ओठांवरून ओळखू आलं. मग म्हाताऱ्याने हात जोडले आणि गाणं परत पहिल्यापासून सुरू झालं.

"हे तुम्हीच ना, अण्णा?"

समोर केरे काठोकाठ भरलेली होती. पलीकडच्या काठावर प्रेमाक्का घागर विसळत होत्या, त्यांनी हात हलवला.

"मीच," विश्वासराव म्हणाले.

"मग स्वल्प बाजूला व्हा," श्रीकांत मऊपणे म्हणाला. विश्वासराव बाजूला झाले.